पकडीचा दोष

फुरिहातासरांचं भाषण कुठेही असो, तिसऱ्या चित्रात अंतराळात जाणारी लिफ्ट येते म्हणजे येतेच. खाली निळी पृथ्वी, तिच्यातून वर गेलेली एक बारीक रेघ, रेघेवर एक डबा आणि डब्याच्या खिडकीतून हात हलवणारा टोपीवाला मुलगा. हे चित्र मी आमच्या संस्थेच्या सभागृहात पाहिलंय, प्राथमिक शाळेच्या क्रीडादिनी पाहिलंय आणि गावातल्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीला शंभर वर्षं झाली त्या समारंभातही पाहिलंय. भट्टीत सगळे प्यायलेले होते, म्हणून तेवढा एक शहाणा प्रश्न आला. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, त्या डब्यात संडास आहे का?" सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तो पुढचा टप्पा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती रेघ म्हणजे सरांचा धागा, आणि त्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात लांब धागा संस्थेच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचत नव्हता.

मी अरुगा किनुयो. चिकुमा तंतुसंस्थेत रेशीम विभाग माझ्याकडे आहे. या खोऱ्यात एके काळी घरोघरी रेशीमकिडे होते, संस्था निघाली तीही त्यांच्यासाठीच. आता माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर माझा किडा असतो आणि मुखपृष्ठावर सरांचा काळा धागा. मला त्याचं वाईट वाटत नाही. किड्याला मुखपृष्ठाची हौस नाही, आणि मला तर नाहीच नाही.

धाग्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. कार्बनच्या नळ्या, एवढ्या बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. तबकडीवर त्या दाट उगवतात, काळ्या मखमलीसारख्या दिसतात. मखमलीची कड चिमटीत धरून ओढली की एक झिरझिरीत पदर निघत राहतो आणि त्याला पीळ दिला की धागा. कोशातून रेशीम सोडवतात तसंच. हे साम्य सरांनी एका भाषणात 'आम्हाला लागलेला शोध' म्हणून सांगितलं, आणि मी पहिल्या रांगेत बसले होते. असो. धागा हलका आहे, त्याच्यातून वीज जाते, थंडीउन्हाचं त्याला काही नसतं. विमानातली मैलोन् मैल तांब्याची तार काढून ही घातली तर विमानाचं ओझं उतरेल. इंधनाच्या टाक्यांना गुंडाळता येईल, उपग्रहाला दोरी म्हणून बांधता येईल. हे सगळं खरं आहे आणि कधीतरी कुणीतरी करेलही. माझं भांडण त्या 'कधीतरी'शी आहे. सरांच्या तोंडी त्याचं 'येत्या वसंतात' होतं.

आता पकडीचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. धागा किती ताण सोसतो हे बघायचं, तर त्याचं एक टोक वरच्या पकडीत धरतात, दुसरं खालच्या, आणि यंत्र त्या दोन पकडी सावकाश लांब नेतं. धागा मधे कुठेतरी तुटला तर आकडा धरायचा. पकडीच्या तोंडाशी तुटला तर सोडून द्यायचा, कारण तिथे तो ताणाने तुटला की पकडीने चावला, हे सांगता येत नाही. नियम चांगला आहे. जगभर आहे, माझ्याही विभागात आहे.

पण रेशमाचे दहा धागे ओढले तर एखादा पकडीशी जातो. सरांचे दहातले आठ जायचे. सर गोड हसून म्हणायचे, "पकडीत गेला, सोडा." उरलेले दोन मधे तुटायचे, त्यांचे आकडे डोळे दिपवणारे असायचे, आणि तेवढेच भाषणात जायचे. नापास झालेल्या पोरांना गैरहजर मांडायचं आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा, असला हा प्रकार. त्याला संस्थेत 'संशोधनातली झेप' म्हणत.

त्या साकेच्या समारंभात नदीपलीकडचे उसुईमालक होते. सत्तरीचे, बुटके, कामाची टोपी लग्नातसुद्धा न काढणारे. त्यांचा छोटा कारखाना आहे, लोखंडाचे बारीकसारीक भाग करतात. ती लिफ्ट बघून त्यांचे डोळे भरून आले, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. भट्टीतून बाहेर पडेपर्यंत त्यांनी ठरवलं होतं की खोऱ्यातल्या कारखानदारांनी मिळून एक छोटा उपग्रह करायचा. कॅमेऱ्याचे स्क्रू करणारे, शिवणयंत्राचे पाय करणारे, पंपाच्या चकत्या करणारे सात-आठ म्हातारे जमले. त्यांना वाटलं, बायकापोरांसमोर एकदा आकाशात बोट दाखवून म्हणावं, ते आमचं. मला हसू आलं, पण त्या हसण्यात विष नव्हतं. म्हाताऱ्यांनी जुगार खेळण्यापेक्षा हे बरं.

उपग्रह म्हणजे जेवणाच्या डब्याएवढ्या दोन पेट्या. वर गेल्यावर त्या एकमेकींपासून लांब जाणार आणि मधला काळा धागा ताठ होणार. ताण सोसला तर धागा उत्तीर्ण. त्या पेट्यांवर धागा धरायला पकडी हव्यात, तशाच चाचणीच्या यंत्रावरही हव्यात. दोन्हीकडच्या पकडी उसुईमालकांनी करायच्या ठरल्या.

"धागा आमचा, पकड तुमची," फुरिहातासर म्हणाले. केवढं सुंदर वाक्य! मालकांनी ते कारखान्याच्या भिंतीवर लिहून लावलं.

पहिल्या चाचणीला मालक काळा सूट घालून आले. त्यांच्याकडे तो एकच, अंत्यविधीचा. धागा पकडीत बसवला, यंत्र सुरू झालं, आणि धागा पकडीच्या तोंडाशी तुटला.

"पकडीचा दोष," सर सवयीने म्हणाले. दिवसातून वीसदा म्हणायचे, शिंक आल्यासारखे.

उसुईमालक खुर्चीवरून उठले आणि कंबरेत पार काटकोनात वाकले. "माफ करा, सर. आमच्या हातून कमी पडलं."

एवढंच म्हणायचं होतं, "अहो मालक, तसं नाही, ही आमची बोलायची रीत आहे." दोन सेकंदांचं काम. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बघू."

मग दर महिन्याला नवी जोडी यायला लागली. लाकडी पेटीत, कापसात ठेवलेली. आरशासारखी घासलेली पोलादाची दोन पाती, कडा इतक्या मऊ गोल की गालावरून फिरवली तरी लागू नये. धागा तुटला की मालक वाकत. पेटी बंद करत, कापडात बांधत, परत नेत. आमच्या संस्थेतले लोक त्याला 'मालकांची तळमळ' म्हणत आणि कौतुकाने माना डोलवत. माणूस वाकतोय तोवर तो कशासाठी वाकतोय हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. वाकणं नीट झालं की प्रश्न मिटला.

मी यात कुठे आले? माझ्या यंत्राची पकड बिघडली, म्हणून मालक एकदा परत न्यायला विसरले ती कपाटात पडलेली जोडी मी उसनी घेतली. रेशीम ओढलं, मधे तुटलं. परत ओढलं, मधेच. सबंध दिवसात एकही धागा तोंडाशी तुटला नाही. एवढी चांगली पकड मी नोकरीत पाहिली नव्हती. मग मला खाज सुटली. मासेमारीची दोरी ओढली. विमानाच्या पंखात घालतात तो नेहमीचा कार्बनचा धागा ओढला, जो नुसता डोळे वटारले तरी मोडतो. तोही मधे तुटला. शेवटी सरांच्या खोलीतून त्यांचा धागा मागून आणला. तो तोंडाशी तुटला.

मी आमच्या रीतीप्रमाणे आधी खाजगीत सांगायला गेले. बैठकीत कुणाला तोंडावर पाडायचं नाही, आधी त्याच्या कानात सांगायचं, हे मलाही शिकवलंय.

"सर, त्या दोष असलेल्या पकडीत मी रेशीम ओढलं."

"अरे वा."

"सगळं मधे तुटलं. दोरी मधे तुटली. साधा कार्बनही मधे तुटला. पकडीशी तुटतो तो एकट्या तुमचाच."

"रेशीम मऊ असतं, अरुगाबाई."

"आणि साधा कार्बन काय लोण्याचा असतो? सर, पकड धाग्याची फक्त साल धरते. तुमच्या धाग्यात आतल्या नळ्यांनी एकमेकींना धरलेलं नाही. ओढलं की त्या आतून सटकतात, सगळा भार सालीवर येतो आणि साल तोंडाशी फाटते. दोष धाग्याचा आहे. आजचा आहे, उद्या निघेलही. पण आज आहे."

"अंतिम बैठकीच्या तोंडावर वातावरण कशाला बिघडवायचं?"

"उपग्रहातही तो पकडीतच बसवायचाय ना? तिथे तुटला की 'सोडा' म्हणायला वर कोण जाणार? तो टोपीवाला मुलगा?"

सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. आमच्याकडे चहा मागवला की समजायचं, आता निघा.

अंतिम बैठकीला तोक्योहून परीक्षक आले. उपग्रह वर न्यायचा की नाही हे त्यांच्या हातात. लांब टेबल, प्रत्येकापुढे चहाचा पेला, एका बाजूला चाचणीचं यंत्र. खोऱ्यातले म्हातारे भिंतीशी ओळीने बसलेले, सगळे अंत्यविधीच्या सुटांत. सरांनी तिसरं चित्र दाखवलं. परीक्षकांनीही ते बहुधा आधी पाहिलेलं असावं, कारण ते चहा पीत राहिले.

मग धागा ओढला. पकडीशी गेला.

"पकडीचा दोष," सर म्हणाले. "पण त्यावर काम चालू आहे. मालक सांगतील."

उसुईमालक उभे राहिले. आज हातात कागद होता. "आमच्या पकडींमुळे सगळ्यांचा वेळ गेला. पकडी हाताने घासायचं काम आमच्याकडे मारुमो सेइजी यांच्याकडे होतं. चाळीस वर्षं होतं. वयामुळे त्यांचा हात आता पूर्वीसारखा राहिला नसावा. गेल्या महिन्यात मी त्यांना कामावरून कमी केलं आहे. नवीन यंत्र घेतो आहे. कृपया धाग्याला संधी द्यावी." आणि ते वाकले. त्यांच्याबरोबर भिंतीशी बसलेले सगळे म्हातारे उठून वाकले.

आणि काय सांगू, टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. परीक्षकांनीसुद्धा. केवढा प्रामाणिकपणा, केवढी जबाबदारी! फुरिहातासरांनी तर डोळे मिटून मान हलवली, जणू त्यांचाच हात कापला गेला होता. मला शिसारी आली. हा शब्द मी मोजून वापरते.

"मूर्खपणा आहे," मी म्हणाले.



"अरुगाबाई, हे आपण नंतर," सर म्हणाले.

"नंतर म्हणजे कधी? अजून एखाद्याला घरी बसवल्यावर?" मी खिशातून रेशमाची लड आणि साध्या कार्बनचा धागा काढला आणि यंत्राशी गेले. कुणी अडवलं नाही. अडवायला उठावं लागतं, आणि पाहुण्यांसमोर उठणं बरं दिसत नाही. त्याच पकडीत, त्याच पात्यांत रेशीम बसवलं आणि यंत्र चालू केलं. मधे तुटलं. दुसरं लावलं. मधे. साधा कार्बन लावला. मधे. मग सरांचा धागा लावला. यंत्राने हळूहळू ओढला आणि तो बरोब्बर पात्याच्या तोंडाशी तटकन तुटला.

"पकड निर्दोष आहे," मी म्हणाले. "मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात चांगली पकड आहे. हा धागा स्वतःला धरून राहू शकत नाही, आणि एवढे दिवस हे सरांना माहीत असायला हवं होतं. मी स्वतः सांगितलं तेव्हापासून तर माहीत आहेच."

मग सर उठले. मान्य करायला हवं, माणूस मुरलेला आहे. ते मालकांकडे वळले आणि वाकले, अगदी योग्य कोनात, योग्य वेळ. "माझा अभ्यास कमी पडला." मालक घाईने त्यांच्याहून खाली वाकले. सर त्याहून खाली. परीक्षकांनी दोघांकडे बघून समाधानाने वही मिटली. प्रकरण सुंदर मिटलं होतं. ठरलं असं की दोन पेट्यांच्या मधे साधी, नेहमीची दोरी घालायची, आणि सरांच्या धाग्याचा एक तुकडा पेटीला बाहेरून चिकटवायचा, वरच्या उन्हात त्याचं काय होतं ते बघायला. पुढच्याच भाषणात सरांनी सांगितलं, "आमचा धागा अंतराळात निघालाय." खोटं काहीच नव्हतं. स्टिकरही अंतराळात जातो.

बैठक उठली आणि सगळे सोबाच्या शेवया खायला गेले. मारुमो हे नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

बाहेर मालकांचा छोटा ट्रक उभा होता आणि मालक आत स्टिअरिंगशी नुसते बसून होते. मी दुसऱ्या बाजूने आत शिरले.

"चला."

"कुठे?"

"मारुमोंकडे. आणखी कुठे?"

"आज? न कळवता? बाई, हे असं जाता येत नाही. आधी फोन करतो, मग एखादा चांगला दिवस बघून..."

"कामावरून काढताना चांगला दिवस बघितला होतात?"

त्यांनी गाडी सुरू केली. पण पुलाआधी मिठाईच्या दुकानाशी थांबवलीच. माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत आमच्याकडे. गोड घट्ट योकानची लादी न्यायची, आणि चूक जेवढी मोठी तेवढी लादी जड. मालक बराच वेळ काचेपुढे उभे होते. मी काच खाली करून ओरडले, "चाळीस वर्षांच्या मापाची असेल तर बघा!" दुकानातली मुलगी दचकली. मालकांनी सगळ्यात मोठा डबा घेतला आणि मांडीवर ठेवून गाडी चालवली.

"मालक, एक सांगा. चाळीस वर्षं त्या माणसाचं काम तुम्ही हातात घेऊन बघितलंत. शेवटची जोडीही बघितली असेल. काय दिसलं?"

"चांगली दिसली."

"मग?"

"सर म्हणाले दोष आहे." ते रस्त्याकडे बघत होते. "एवढे शिकलेले. मला वाटलं, मलाच दिसत नसेल."

मी गप्प बसले, कारण जे तोंडाशी आलं होतं ते ऐकून त्यांनी गाडी नदीत घातली असती. सरांची कीव करायचीसुद्धा माझी इच्छा नाही, पण ह्या माणसाबद्दल मला वाटत होतं की हा बिचारा आहे. बिचारा कसला! वरून आलेला दोष त्याने वाकून घेतला आणि आपल्याहून खालच्या माणसाच्या ओंजळीत टाकला. सर निदान परक्या माणसावर ढकलत होते.

मारुमोंचं घर डोंगराच्या उतारावर, सफरचंदांच्या बागांमधे. शेवटची फळं उतरवायचे दिवस होते. तोमिए, म्हणजे मारुमोंची बायको, अंगणात पेट्या भरत होती. मालकांना बघून तिने डोक्याचा रुमाल सोडला आणि आम्हाला आत नेलं. मारुमो आले. उंच, वाळलेले, हात बाह्यांत ओढून घेतलेले. त्यांनीच आधी वाकून म्हटलं, "मालक, माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला."

उसुईमालकांनी योकानचा डबा पुढे सरकवला आणि तातामीच्या चटईवर कपाळ टेकलं. "मारुमो, तुझा दोष नव्हता. पकड बरोबर होती. धागाच वाईट होता. आज सिद्ध झालं. या बाईंनी केलं."

मी सगळं सांगितलं. रेशीम, दोरी, कार्बन, सगळं. मारुमो मान तुकवून ऐकत होते, आणि माझं झाल्यावर त्यांनी फार गोड आवाजात उत्तर दिलं.

"बाई, तुम्ही फार दयाळू आहात. एवढ्या लांब आलात, मला बरं वाटावं म्हणून."

"बरं वाटावं म्हणून? अहो, हे खरं आहे!"

"हो हो. आभार. पण मला माहीत आहे ना. पहिली जोडी परत आली तेव्हा मी जास्त घासली. दुसरी आली तेव्हा आणखी. मग एक दिवस बोटांना पोलाद लागेनासं झालं. नुसतं गार लागायचं, कड कळायचीच नाही. हे बघा." त्यांनी बाहीतून हात काढला. बोटं बारीक थरथरत होती. "तालुक्याच्या डॉक्टरांनी म्हटलं, काही नाही झालेलं. तेही भले आहेत. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कोण सांगणार?"

माझी मतीच गुंग झाली. ह्या देशात एवढी माणसं एवढ्या वेळा दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतात की खरं बोलणाऱ्याला वेगळा आवाजच उरलेला नाही. मला कुणी दयाळू म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि पहिल्यांदा म्हटलं ते नेमकं मी खरं सांगत असताना.

"मारुमो, मी दयाळू नाही," मी म्हणाले. "मी चिडकी बाई आहे. तुम्ही गाढव आहात. ज्या फुरिहातासरांना सुईत दोरा ओवता येत नाही त्यांनी म्हटलं पकडीत दोष, आणि तुम्ही आपल्या हाताचं ऐकायचं सोडून त्यांचं ऐकलंत!"

मालक घाबरून म्हणाले, "बाई, बाई..." मारुमो मात्र तसेच समजुतीने हसत होते. मी त्यांच्यासाठी रागावण्याचंही सोंग करतेय, असं त्यांना वाटत असावं.

तेव्हा तोमिए चहाचा ट्रे घेऊन दाराशी आली होती, ती तिथूनच म्हणाली, "अहो, ह्या बाई खोटं बोलत नाहीत."

"तोमिए, तू गप्प."

"नाही, ऐका. ह्या तंतुसंस्थेतल्या अरुगाबाई. गावच्या विणकामाच्या प्रदर्शनात मी शाल ठेवली होती ना, दोन हिवाळे खपून केलेली? बाकीचे परीक्षक म्हणाले छान, छान. ह्यांनी ती उलटी करून बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ह्याचं पायपुसणं करा. मी घरी येऊन रडले होते, तुम्हाला आठवतंय." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ज्या बाईने ते म्हटलं, ती दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून डोंगर चढून यायची नाही."

मला ती शाल आठवली. पायपुसण्याच्याच लायकीची होती. मी तसं म्हणालेही, "आडव्या धाग्याला ताण नव्हता." तोमिएने नवऱ्याकडे बघितलं, जणू म्हणत होती, बघा.

मारुमोंच्या चेहऱ्यावरचं ते गोड हसू हळूहळू उतरलं. ते आधी मला बघत होते, मग बायकोला. मग त्यांनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"म्हणजे हात बरा होता."

"हो," मी म्हणाले.

"सगळ्या जोड्या?"

"सगळ्या. पहिल्यापासून."

मालक तातामीवरून डोकं न उचलता घाईघाईने बोलायला लागले. "मारुमो, सोमवारी ये. तुझी जागा तशीच आहे, नवीन यंत्र मी घेत नाही, तुझं कामाचं बाक मी कुणाला हात लावू दिलेलं नाही. माझं चुकलं. सगळं पूर्वीसारखं होईल."

चहा निवत होता. बाहेर कुणीतरी पेट्या रचत होतं, त्याचा आवाज येत होता. मग मारुमो बोलले, चढ्या आवाजात नाही, मालकांशी नेहमी बोलत असतील तसेच, अदबीने.

"मालक, हात गेला म्हणून तुम्ही मला घरी पाठवलंत, तेव्हा मला तुमचा राग आला नाही. मी हिला म्हणालो, मालकांनी दुसरं काय करावं? ही रडायची, आणि मी तुमची बाजू घ्यायचो. रोज घ्यायचो." त्यांनी हातांवरून नजर काढली आणि मालकांच्या वाकलेल्या डोक्याकडे बघितलं. "आता हात बरा आहे म्हणता. मग मी तुमचं काय करू?"